पहिली सुई कोणाच्या हाताला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईतल्या एका नर्सिंग कॉलेजातल्या ट्यूटर विचारतात : स्किल लॅबसाठी यंदा पैसे मंजूर झाले आहेत. व्यवस्थापनाला आठ व्हीआर (डोळ्यांसमोर आभासी जग उभं करणारे) हेडसेट घ्यायचे आहेत, प्राचार्यांना संगणकावर चालणारा मोठा पुतळा हवा आहे, आणि एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात की मुंबईत पेशंट काय कमी आहेत, मुलींना वॉर्डात पाठवा, तिथेच शिकतील. वर्गात ६० मुली आहेत. काय घ्यावं आणि सुरुवात कुठून करावी?

मी भूलतज्ज्ञ आहे. बरीच वर्षं सार्वजनिक रुग्णालयात काढली आणि आता एमबीबीएस व नर्सिंगच्या विद्यार्थ्यांची स्किल लॅब बघतो. तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण तिघांत तोच वजनदार आहे आणि मीही कितीतरी वर्षं तेच म्हणत होतो.

इंटर्नशिपमध्ये मी पहिली इंट्राकॅथ, म्हणजे शिरेतून सलाइन द्यायची सुई-नळी, लावली ती एका आजींना. मेडिसिनचा फीमेल वॉर्ड, दोन कॉटच्या मध्ये जमिनीवरही गाद्या टाकलेल्या, रात्रीचे अकरा वाजलेले. निळी, २२ नंबरची. पहिल्यांदा शिरेच्या बाजूने गेलो. दुसऱ्यांदा शीर फुटली. तिसऱ्या आणि चौथ्या वेळी काय चुकलं ते मला कळलंसुद्धा नाही. आजी म्हणाल्या, "कर बाळा, शिकायचंय ना तुला." मग सिस्टरांनी माझ्या हातून घेतली आणि अर्ध्या मिनिटात लावली. आजींनी हात मागे घेतला नव्हता, कारण 'नको' म्हणता येतं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. स्पेशल रूममधल्या पेशंटकडे मला त्या रात्री कोणी पाठवलं नसतं.

शिकाऊ हाताच्या पहिल्या चुका कोणाला तरी सोसाव्या लागतात. आपल्या शहरात त्या नेहमी जनरल वॉर्डातला माणूस सोसतो. त्या रबराच्या हाताने सोसाव्यात, एवढ्यासाठी मी या कामात आलो. म्हणून 'पेशंट काय कमी आहेत' हे वाक्य आता माझ्याच्याने ऐकवत नाही.

शिवाय वॉर्डात पेशंट पुष्कळ असले तरी शिकण्याची पाळी पुष्कळांना येत नाही. एखाद्याचं हृदय बंद पडलं की काय होतं ते तुम्ही रोज बघता. पडदे ओढले जातात, सीनियर धावत येतात, आणि पहिला आदेश असतो, "स्टुडंट्स, बाहेर व्हा." त्या घाईत तो बरोबरच असतो. पण मग मुलगी चार वर्षं पडद्यामागून आवाज ऐकते आणि स्टाफ नर्स झाल्यावर पहिल्याच नाइट ड्यूटीला पडद्याच्या आत एकटी उभी असते. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, रक्त चढवताना येणारी रिॲक्शन, न रडणारं बाळ, सगळ्याचं असंच आहे. या गोष्टी पोस्टिंगचं वेळापत्रक बघून येत नाहीत. सिम्युलेशनमध्ये, म्हणजे पुतळा किंवा नकली पेशंट घेऊन उभ्या केलेल्या प्रसंगात, त्या मंगळवारी सकाळी दहा वाजता, साठही जणींच्या वाट्याला, ठरवून आणता येतात.

कोणी याला खेळणं म्हणालं तर वाईट वाटून घेऊ नका. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात 'योग्यासूत्रीय' नावाचा अख्खा अध्याय आहे. योग्या म्हणजे सराव. कापण्याचा सराव भोपळा, काकडी अशा फळांवर करावा, शिरेचा वेध मेलेल्या जनावराच्या शिरेवर किंवा कमळाच्या देठावर, टाके कापडाच्या नाहीतर मऊ चामड्याच्या कडांवर घालावेत, आणि पट्ट्या बांधायला 'पुस्तमय पुरुष' घ्यावा, म्हणजे माणसाचा पुतळाच. शास्त्र कितीही शिकलेला असला तरी ज्याने योग्या केली नाही तो कामाला अयोग्य, हेही तिथेच म्हटलं आहे. आणि आज जगभर सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) शिकवायला वापरतात तो 'ॲनी' नावाचा पुतळा १९६० साली नॉर्वेच्या ज्या आस्मुंड लेर्डालने बनवला, तो खरोखरच खेळणी बनवणारा कारखानदार होता.

आता हेडसेट की पुतळा. मी विकत घेण्याआधी एकच प्रश्न विचारतो : कोणती चूक थांबवायची आहे, आणि ती चूक हाताची आहे, डोक्याची आहे की जिभेची?

हाताची चूक हेडसेटने सुटत नाही. शीर बोटाखाली कशी लागते, सुई आत गेल्यावर 'टच' असं जे जाणवतं, लघवीची नळी म्हणजे कॅथेटर कुठे अडतो, छाती किती दबते, हे अजून कुठल्याही हेडसेटमधून बोटांपर्यंत पोहोचत नाही. हातात असतो तो प्लास्टिकचा कंट्रोलर, नाहीतर मोकळी हवा. सीपीआरमध्ये छाती ५ ते ६ सेंटिमीटर दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दर वेळी पूर्ण वर येऊ द्यायची. हे खांद्यांना आणि कमरेला शिकावं लागतं. दोन मिनिटांत घाम फुटतो, दम लागतो, दाब उथळ व्हायला लागतो. म्हणून तर दर २ मिनिटांनी माणूस बदलायचा असतो, आणि ते का, हे स्वतः दमल्याशिवाय पटत नाही. त्यासाठी खोली मोजणारा साधा धडाचा पुतळा आणि मोबाइलवर ११० वर लावलेला मेट्रोनोम पुरतो. हे कौशल्य ३ ते ६ महिन्यांत उतरणीला लागतं. वर्षातून एकदा दिवसभराची कार्यशाळा घेण्यापेक्षा पुतळा वॉर्डाजवळच्या खोलीत ठेवा आणि महिन्यातून एकदा प्रत्येकीला दोन मिनिटं दाबायला लावा.

डोक्याची चूक वेगळी. काय आधी बघायचं, कशाकडे दुर्लक्ष झालं, कोणता निर्णय उशिरा घेतला. इथे हेडसेट खरंच उपयोगी पडतो, आणि मी त्याच्या विरोधात अजिबात नाही. खालावत चाललेला पेशंट ओळखणं, अपघातानंतर एकदम आलेल्या वीस जखमींत कोणाला आधी घ्यायचं, वॉर्डात आग लागली तर कोणत्या कॉटपासून हलवायचं, अशा गोष्टी वॉर्डात घडवून आणता येत नाहीत आणि पुतळ्यावर फार बेगडी वाटतात. ऑपरेशन थिएटरची ओळख तर ३६० अंशांच्या व्हिडिओने उत्तम होते. पहिल्या दिवशी थिएटरमध्ये गेलेल्या मुलीला हिरव्या कापडाला कुठे हात लावायचा नाही हे कळत नसतं, त्या धाकात ती भिंतीला चिकटून उभी राहते आणि काहीच बघत नाही. आधी तीनचार वेळा हेडसेटमधून थिएटर फिरून आलेली मुलगी डोळे उघडे ठेवून उभी राहते. हा फरक मी दर बॅचला बघतो.

पण दृश्य जितकं हुबेहूब तितकं शिक्षण चांगलं, हा समज काढून टाका. २००२ साली येल विद्यापीठातल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष छापून आले. १६ निवासी सर्जन, त्यांतल्या निम्म्यांना नेहमीच्या शिक्षणाशिवाय व्हीआरवर सराव दिला, मग सगळ्यांना दुर्बिणीतून पित्ताशय काढायला लावलं. सराव केलेल्यांनी पित्ताशय यकृतापासून सोडवायचं काम २९ टक्के लवकर केलं. सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीकडे भाजण्याची शक्यता पाचपट होती. यातली महत्त्वाची गोष्ट लोक सांगत नाहीत. त्या यंत्राच्या पडद्यावर पित्ताशय नव्हतंच. हेडसेटही नव्हता. साधे भौमितिक आकार होते, ते दोन्ही हातांतल्या दांड्यांनी पकडायचे आणि हलवायचे. फायदा झाला तो दोन कारणांनी : जी हालचाल शिकायची होती तीच हातांना दिली, आणि तज्ज्ञ सर्जन जितकं करतात तितकं जमेपर्यंत सराव थांबवला नाही. आपण काय करतो? लॉगबुकात 'आयव्ही कॅन्युलेशन (शिरेत सुई लावणं), दोन तास' लिहितो आणि सही करतो. दोन तास झाले म्हणजे जमलं असं कोणी सांगितलं? माझ्या लॅबमध्ये रबरी हातावर लागोपाठ पाच वेळा, हातमोज्यांपासून चिकटपट्टीपर्यंत सगळं नीट झाल्याशिवाय कोणी पेशंटच्या हाताला सुई लावत नाही. काही मुलींना त्याला चाळीस मिनिटं लागतात, काहींना चार दुपारी. लागू द्या.

जिभेची चूक सगळ्यात दुर्लक्षित राहते. बाहेरून घेतलेल्या व्हीआर सॉफ्टवेअरमधला पेशंट इंग्रजीत बोलतो आणि 'वेदना एक ते दहामध्ये किती' याचं व्यवस्थित उत्तर देतो. तुमच्या मुलींसमोर येणारी बाई म्हणणार, छातीत भरून आल्यासारखं होतंय, जीव घाबराघुबरा होतोय, पाठीत चमक मारते. त्यातलं हृदयाचं कोणतं, ॲसिडिटीचं कोणतं, हे तिला आणखी काय विचारल्यावर कळेल? ते तो पेशंट शिकवू शकत नाही. त्यात औषधांची नावंही अमेरिकी : आपल्या ट्रॉलीत ॲड्रिनलिन असतं, तिथे एपिनेफ्रिन, आपली पॅरासिटामॉल तिथे ॲसिटामिनोफेन. तिथली मुलगी मदतीला ९११ फिरवते, आपल्याला १०८ लावायचा असतो. विकत घेण्याआधी विक्रेत्याला एकच विचारा : यातले प्रसंग, औषधं आणि भाषा आम्हाला बदलता येतील का? 'पुढच्या आवृत्तीत' असं उत्तर आलं तर ते 'नाही' समजा.

बोलण्यासाठी जिवंत माणूसच हवा. अमेरिकेत हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ च्या सुमाराला धडधाकट माणसांना पेशंट व्हायला शिकवलं, ती पद्धत आज जगभर परीक्षांना वापरतात. आमच्याकडे हे काम एक निवृत्त मावशी करतात. आया म्हणून आयुष्य वॉर्डात गेलेलं, त्यामुळे पेशंट कसा कण्हतो, केव्हा गप्प बसतो, सिस्टर घाईत असल्या की काय सांगायचं राहून जातं, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. मधुमेही पेशंटच्या भूमिकेत त्यांना आम्ही एवढंच सांगितलं होतं की इन्सुलिन तीन दिवस घेतलेलं नाही, पण कोणी नीट विचारल्याशिवाय सांगायचं नाही. पहिल्या सहा मुलींनी विचारलं, "इन्सुलिन चालू आहे ना?" मावशी सहाही वेळा "हो" म्हणाल्या. सातवीने शेजारी बसून विचारलं, "मावशी, शेवटची सुई कधी घेतली होती?" तेव्हा खरं बाहेर आलं. नंतर मावशींनी मुलींना सांगितलं, "'आहे ना' असं विचारलंत की आम्ही होच म्हणणार. तुमचा वेळ जातो ना." त्या दुपारी मी संवादकौशल्यावरचं माझं तासाभराचं व्याख्यान कायमचं बंद केलं. नातेवाइकांच्या भूमिकेसाठी एकांकिका करणारी कॉलेजची मुलं बोलवा. मुंबईत ती प्रत्येक कॉलेजात आहेत, आणि संतापलेला मुलगा किंवा हादरलेला नवरा ती इतकी मनापासून करतात की आपल्या मुलींच्या डोळ्यांत पाणी येतं.

एवढं सगळं सांगून झाल्यावर मुख्य गोष्टीकडे येतो. शिकणं घडतं ते प्रसंग संपल्यानंतरच्या बोलण्यात. त्याला डीब्रीफिंग म्हणतात आणि प्रसंग १० मिनिटांचा असेल तर त्याला २० ते ३० मिनिटं द्यावीच लागतात. ती दिली नाहीत तर मुलगी आपली चूक तशीच घरी घेऊन जाते, आणि बरेचदा ती चूक पक्की होते.

मीही सुरुवातीला प्रसंग संपला की चुकांची यादी वाचायचो. एकदा एका मुलीने, बीपी ८० वर आलेलं दिसत असताना, दीड मिनिट कोणालाच हाक मारली नाही. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "हा पेशंट तू घालवलास." ती रडली नाही, फक्त त्यानंतर सहा महिने माझ्या कुठल्याही तासाला बोलली नाही. ते मला अजून लागून आहे. आता मी असं विचारतो : "बीपी ८० झाल्यावर दीड मिनिट तू मॉनिटरकडे बघत होतीस आणि कोणाला बोलावलं नाहीस. मला काळजी वाटली, कारण तेवढ्या वेळात पेशंट हातचा जाऊ शकतो. तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं?" आणि मग थांबतो. ते थांबणं फार अवघड असतं, पण उत्तर त्यानंतरच येतं. नर्सिंगच्या मुलींकडून मला सर्वांत जास्त वेळा आलेलं उत्तर कोणतं माहीत आहे? "सर, डॉक्टर ओरडतील असं वाटलं. मशीनच चुकत असेल म्हणून पुन्हा बीपी घेतलं."

तिला शॉक, म्हणजे बीपी धोकादायक खाली जाणं, काय ते ठाऊक होतं. फोन कसा करायचा हे ठाऊक नव्हतं. तिला आणखी एक व्याख्यान दिलं असतं तर काय उपयोग होता? त्यानंतर आम्ही फोनचाच सराव सुरू केला. मी पलीकडून झोपेतून उठलेला आरएमओ (रुग्णालयातला निवासी डॉक्टर) होतो, मुद्दाम त्रासिक आवाजात बोलतो, आणि ती चार वाक्यांत सांगते : कोण पेशंट, का दाखल आहे, आत्ता काय दिसतंय, मला तुमच्याकडून काय हवंय. शेवटचं वाक्य सगळ्यांचं अडखळतं. "सर, तुम्ही आत्ता यायला हवंय" हे म्हणायला एकेकीला आठ-दहा वेळा लागतात. दहाव्या वेळी आवाज बदललेला असतो. म्हणून पैशांच्या यादीत सर्वांत वर यंत्र लिहू नका, दोन ट्यूटरांचा वेळ लिहा. डीब्रीफिंग शिकवणारे अभ्यासक्रम आहेत, त्यांना दोघींना पाठवा आणि परत आल्यावर आठवड्यातले दोन दिवस त्यांच्याकडे दुसरी ड्यूटी देऊ नका.

अमेरिकेच्या नर्सिंग परवाना मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१४ साली दहा नर्सिंग अभ्यासक्रमांवर केलेला मोठा अभ्यास सगळे दाखवतात : वॉर्डातले निम्मे तास सिम्युलेशनने बदलले तरी मुलींचं ज्ञान आणि काम कमी पडलं नाही. खरं आहे. पण तिथे प्रशिक्षित शिक्षक होते, पद्धतशीर डीब्रीफिंग होतं, आणि बहुतेक भर पुतळे, भूमिका आणि शिकवलेल्या पेशंटवर होता. तो आकडा दाखवून कोणी तुमच्या मुलींची वॉर्ड पोस्टिंग कापून हेडसेट देऊ म्हणत असेल तर ठाम नाही म्हणा. आपल्या मुलींना वॉर्ड हवाच आहे. तिथे तयारी करून जायला हवं, एवढंच.

फुकटात होणारा एक प्रकार राहिला, तो माझा सर्वांत आवडता. पुतळा लॅबमधून उचला आणि खऱ्या वॉर्डातल्या रिकाम्या कॉटवर ठेवा, इन्चार्ज सिस्टरांना आधी सांगून. मग "पेशंट श्वास घेत नाही" असं ओरडा आणि घड्याळ लावा. आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा इमर्जन्सी ट्रॉलीला कुलूप होतं आणि किल्ली दुसऱ्या मजल्यावर होती, घशात नळी घालताना लागणाऱ्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागला नाही, आणि ऑक्सिजन सिलिंडर उघडायची चावी कोणालाच सापडली नाही. मुलींची एकही चूक नव्हती. आठवडाभरात चावी साखळीने सिलिंडरलाच बांधली गेली. माझ्या मते त्या वर्षातलं आमचं सर्वांत मोठं काम तेच.

बाळंतपणातल्या रक्तस्रावासाठीही मोठा पुतळा लागत नाही. पाणी, कॉर्नफ्लोअर आणि खायचा लाल रंग. हे मोजून जुन्या साडीच्या तुकड्यांवर ओता आणि मुलींना अंदाज विचारा. ७०० मिलिलिटर ओतलेलं असतं तेव्हा बहुतेक जणी ३०० म्हणतात. मग तेच कापड स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा, कोरड्या कापडाचं वजन वजा करा, एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. ५०० च्या पुढे धोका, हे पुस्तकातलं वाक्य त्या दिवसापासून डोळ्यांत बसतं.

तर तुमच्या जागी मी असतो तर पहिल्या वर्षी मोठा पुतळा घेतला नसता. एका संस्थेत तो प्लास्टिकच्या आवरणात तपासणीच्या दिवसाची वाट बघत पडलेला मी पाहिला आहे, कारण तो चालवायला माणूस नेमलाच नव्हता आणि देखभालीचा करार संपला होता. चार सुईचे हात, खोली दाखवणारे चार सीपीआरचे धड, कॅथेटरचे दोन नमुने, दोन नवजात बाळं, आणि आठऐवजी तीन हेडसेट. मॉनिटरसाठी टॅबलेटवरची ॲप पुरतात. ६० मुलींचे सहासहाचे दहा गट करा. दोघी नर्स, एक नातेवाईक, उरलेल्या तिघींना निरीक्षणाचं ठरावीक काम द्या : एकीने फक्त वेळा लिहायच्या, एकीने फक्त कोण कोणाशी काय बोललं ते, एकीने फक्त हात धुतले का ते. एका गटाला एक तास. दोन ट्यूटर असतील तर आठवड्यात एक प्रसंग सगळ्या वर्गाचा होतो.

हेडसेटबद्दल काही बारीक गोष्टी, कारण त्या कोणी सांगत नाही. डोळ्यांना आपण चाललो असं दिसतं आणि कानातल्या तोलाच्या इंद्रियाला आपण स्थिर आहोत हे कळत असतं, त्या भांडणातून मळमळ होते. म्हणून पहिल्या वेळी बसवूनच, पाच ते दहा मिनिटं, आणि थोडंही गरगरलं की लगेच काढायचा. 'थोडं सहन कर' म्हणू नका. फिट्स येणाऱ्या मुलींना लावू नका, आधी एकेकीला बाजूला घेऊन विचारा. दोन भिंगांमधलं अंतर प्रत्येकीच्या डोळ्यांनुसार बदलायला शिकवा, निम्मी डोकेदुखी तिथेच संपते. शेवटचा तास हेडसेटचा ठेवू नका, गरगरत्या डोक्याने मुलगी लोकल पकडायला धावायला नको. कॉलेजच्या वायफायवर भरवसा न ठेवता सगळं आदल्या दिवशी उतरवून ठेवा. पावसाळ्यात फोमला बुरशी येते, पुतळ्यांची कातडी चिकट होते. एसी नसेल तर निदान बंद कपाट आणि ओल शोषणाऱ्या पुड्या हव्यात. भिंगांना स्पिरिट कधीच लावू नका, कोरडं मऊ कापड बस. चेहऱ्याला टेकणारा भाग मात्र प्रत्येकीनंतर पुसायचा. आणि हेडसेटच्या दिवशी मुलींना अंबाडा नेहमीसारखा उंच न बांधता खाली मानेवर बांधायला सांगा, नाहीतर मागचा पट्टा बसतच नाही आणि अर्धा तास त्यातच जातो.